लशीआधी चिप : नाशिकच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना खुले पत्र

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील सर्व पशुवैद्यक डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ओपीडीत एका कोपऱ्यात मांजर फिस्कारत असते, टेबलावर कुत्रा उडी मारायच्या बेतात असतो आणि बाहेर बाकावर चार जण ताटकळत असतात. अशा गडबडीत लांबलचक पत्र कोण वाचणार? म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. पिल्लाला रेबीजची पहिली लस टोचाल त्याच दिवशी, लशीच्या आधी, मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसणारी नंबराची बारीक चिप, बसवा. निदान मालकाला तसे विचारा तरी. चिपचा नंबर आणि ती बसवल्याची तारीख लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहा. लशीचे स्टिकर चिकटवा. माझे मागणे एवढेच आहे. ते कशासाठी, हे ज्यांना सवड असेल त्यांनी पुढे वाचावे.

मी पशुवैद्यक नाही. आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे कागद दिसला की तारीख, सही आणि शिक्का आधी बघायचा, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लेक नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली तेव्हा तिच्या लॅब्रेडॉरची फाईल मी तयार केली. तेव्हापासून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर माझ्यापेक्षा माझ्या फाईलची ओळख जास्त आहे. कुणाचा मुलगा जर्मनीला निघालेला असतो, कुणाची सून अमेरिकेला, इंदिरानगरचे एक कुटुंब दुबईला. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “काकू, कुत्र्याचं तिकीट किती पडतं?” माझाही ठरलेला, “चिप कधी बसवली?” आणि त्यावर उत्तर येते, “चिप ना, ती काय, आता बसवून घेऊ.”

तिथे माझा जीव खाली-वर होतो. कारण आता बसवलेली चिप मागच्या लशींना लागू होत नाही.

तुम्हाला हे नवे नसेल, पण मालकांना नवे असते, म्हणून सविस्तर लिहिते. युरोपीय संघाचेच घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत तिकडचेच जास्त. त्यांचा सगळा हिशोब क्रमावर चालतो. आधी चिप, आयएसओ मानकाची, १५ आकडी नंबराची. त्याच दिवशी किंवा नंतर रेबीजची लस, आणि लशीच्या दिवशी पिल्लू किमान १२ आठवड्यांचे हवे. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचे आणि ते त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासायचे. रेबीजविरोधी प्रतिपिंडे दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त निघाली तर पास. ही तुमची टायटर टेस्ट. पास झाले म्हणजे लगेच निघाले, असेही नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे, मगच प्रवेश. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला ही चाचणी आणि हे थांबणे, दोन्ही भोगावे लागते.

आता कुत्रा पाच वर्षांचा आहे, दरवर्षी न चुकता लस घेतली आहे, पुस्तिका भरलेली आहे, पण चिप काल बसवली. त्यांच्या लेखी त्या पाच लशी कुणा अनोळखी कुत्र्याला टोचलेल्या आहेत. चिप नसताना लस याच कुत्र्याला दिली हे कशावरून, असा त्यांचा साधा प्रश्न, आणि तो चुकीचा आहे असे मला बँकेतल्या अनुभवावरून म्हणवत नाही. मग पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, मग रक्त, मग तीन महिने. म्हणजे आजपासून चार महिने तरी गेले.

आणि इथे नाशिकच्या घरांची खरी पंचाईत होते. आयटीतल्या पोरांचा नोटीस पीरियड बहुधा तीन महिन्यांचा असतो. ऑफर लेटर आले त्याच दिवशी एखादा शहाणा मुलगा तुमच्याकडे धावत आला, तरी कुत्र्याच्या कागदांना महिना कमीच पडतो. बहुतेक जण काही त्याच दिवशी येत नाहीत. व्हिसा, घरभाडे, सामान, सासू-सासऱ्यांची समजूत, हे सगळे आटोपून कुत्र्याकडे वळतात तेव्हा पाच-सहा आठवडे उरलेले असतात. उलट, पहिल्याच लशीला चिप बसलेली असेल आणि एकही बूस्टर चुकलेला नसेल, तर ऑफर आल्या आठवड्यात रक्त काढता येते आणि नोटीस पीरियड संपता संपता तीन महिनेही पुरे होतात. कुत्रा मालकाबरोबर जातो की मागे राहतो, हे अनेकदा या एका महिन्यावर ठरते, आणि तो महिना त्या घराच्या हातात नसतो. पिल्लू जेमतेम तीन महिन्यांचे असताना तुमच्या टेबलावर तो मिळालेला किंवा गेलेला असतो.

मागे राहिलेल्यांचे काय होते ते तुम्हीही पाहता. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो, ‘परदेशी जात असल्याने चांगल्या घरी देणे आहे, लसीकरण पूर्ण.’ काही कुत्र्यांना चांगली घरे मिळतात. काही आजी-आजोबांकडे राहतात, आणि गुडघे दुखणारे आजोबा ३० किलोच्या लॅबला फिरवायला नेतात, की लॅब आजोबांना, ते गंगापूर रोडला कोणत्याही सकाळी बघून घ्यावे. राग त्या मुलांवर काढण्यात अर्थ नाही. त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलेच नसते.

टायटरबद्दल अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. युरोपसाठी हा अहवाल एकदा आला आणि पुढचा प्रत्येक बूस्टर आधीच्या लशीची मुदत संपण्याआधी घेत गेले, तर तो कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो. मधे एका दिवसाचाही खंड पडला, की ती लस पहिली लस धरली जाते आणि गाडी पुन्हा मूळ स्टेशनावर. ‘पंधरा दिवस इकडे-तिकडे चालतं’ हे वाक्य मी एकाहून अधिक दवाखान्यांत ऐकले आहे. घरी राहणाऱ्या कुत्र्याला चालत असेल, उडणाऱ्याला चालत नाही.

हे देश असा छळ का करतात, असे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगाल, पण मी असे सांगते : प्रतिपिंडे दिसली म्हणजे लस लागू पडली, एवढेच कळते. लस टोचण्याआधीच लागण झालेली असेल तर ते कळायला थांबण्यावाचून उपाय नाही, कारण लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि तोवर जिवंत प्राण्यात रोग पकडणारी भरवशाची तपासणी नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाईनमध्ये काढावे लागत. त्यापुढे आजचे तीन महिने, तेही स्वतःच्या घरात, स्वस्तच म्हणायचे. जपान आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्यांना रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबवतो. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत आपण नाहीच, त्यामुळे नाशिकहून थेट मेलबर्न हा मार्गच नाही. आधी कुत्रा एखाद्या मान्य देशात नेऊन तिथून सगळी तयारी करायची आणि वर ऑस्ट्रेलियात क्वारंटाईन. ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांना मी फाईल दाखवायच्या आधी चहा देते.

आपली बाजूही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण ३६ टक्के भारतात होतात. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये आला आहे. तो पार पडेपर्यंत समोरचा देश आपल्या कागदाकडे डोळे बारीक करूनच बघणार.

अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले, आणि जुनी माहिती घेऊन फिरणारे लोक अजून भेटतात. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. चिप हवीच, आणि इथेही रेबीजची लस चिपच्या आधीची असेल तर ती धरत नाहीत. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या देशांत मोडतो, त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्यासाठी लसीकरण आणि मायक्रोचिपचा त्यांचा ठराविक फॉर्म पशुवैद्यकाने भरायचा आणि त्यावर सरकारी पशुवैद्यकाची मोहर घ्यायची. टायटर त्यांच्या मान्य प्रयोगशाळेतला हवा. पहिल्या लशीनंतर ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेल्या रक्ताचा. तो नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाईन, मालकाच्या खर्चाने. शिवाय नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून, ते केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळांवरच उतरायचे. मुलाने न्यूयॉर्कऐवजी स्वस्त म्हणून भलत्याच शहराचे तिकीट काढले, तर सगळा बेत फिसकटतो.

आता एक अवघड विषय. तारीख मागची टाका, असे तुम्हाला लोक म्हणतात, हे मला ठाऊक आहे, कारण तेच लोक आधी मला विचारून गेलेले असतात. “डॉक्टर ओळखीचे आहेत, चिप मागच्या वर्षी बसवली असं लिहून देतील.” तुमच्यापैकी बहुतेक जण देत नाहीत, हेही मला माहीत आहे. पण ओळख आणि डोळ्यात पाणी आणून बसलेली मुलगी समोर असली की कठीण जाते. अशा वेळी तिला ही हकिकत सांगा. १४ जुलै २०२१ पासून अमेरिकेने जास्त धोक्याच्या देशांतून कुत्रे आणण्यावर सरसकट निर्बंध घातले, आणि कारण दिले ते खोट्या आणि चुकीच्या रेबीज प्रमाणपत्रांचे. २०२४ चे कडक नियम त्याच्याच पाठोपाठ आले. कुणीतरी कुठेतरी ‘एवढ्याशा तारखेनं काय होतंय’ म्हटले, आणि त्याची किंमत प्रामाणिक कागदवाल्यांनीही मोजली. शिवाय पकडला गेला तर कुत्रा विमानतळावरून परत पाठवतात. त्या परतीच्या प्रवासात कुत्र्याचे काय होते याचा विचार मी करत नाही. तिलाही करायला लावू नका, पण कागद खरा द्या.

पुस्तिकेबद्दल थोडे अधिक, कारण माझा खरा जीव तिथे आहे. मी पाहिलेल्या पुस्तिकांत मालकाचे नाव ‘जोशी काका’ आहे, ‘सिडकोवाले’ आहे, एका ठिकाणी तर फक्त ‘मॅडम’. प्राण्याचे नाव ब्रूनो, जात ‘लॅब’, जन्मतारखेच्या जागी ‘३ म.’ तारखेवर तारीख गिरवलेली. पांढरी शाई. लशीचे स्टिकर आहे, पण त्यावर शिक्का असा मारला आहे की बॅच नंबर वाचता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली की माणूस जसा निवृत्तीपर्यंत प्रतिज्ञापत्रे करत बसतो, तशीच गत पुढे या घरांची होते. मालकाचे पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. जन्मतारीख अंदाजे असेल तर तशी, पण दिवस-महिना-वर्ष घालून लिहा, कारण १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, आणि ८० व्या दिवशी टोचलेली लस तिकडे मोजत नाहीत. गावठी कुत्रा असेल तर जातीच्या जागी रेघ मारू नका, ‘भारतीय देशी’ लिहा. त्याला जात नाही असे समजून ती जागा मोकळी सोडलेली मी पाहिली आहे आणि मला ते कुत्र्याच्या वतीने लागले. लशीचे नाव, कंपनी, बॅच, मुदत, दिल्याची तारीख, पुढची तारीख, सही, शिक्का, पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. खाडाखोड झालीच तर शेजारी सही करा.

चिप बसवण्याआधी पाकिटातच स्कॅन करून बघा, बसवल्यावर पुन्हा बघा, आणि दर वर्षी लशीला आल्यावर एकदा फिरवा. चिप कातडीखाली सरकते. खांद्यावरून कोपरापर्यंत गेलेली चिप शोधायला मुंबईच्या विमानतळावर कुणाला वेळ नसतो. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे ना, ते पाकिटावर पाहून घ्या. तशी नसेल तर तिकडच्या स्कॅनरला ती दिसेलच असे नाही. टायटरसाठी रक्त काढतानाही आधी चिप स्कॅन करून नंबर नळीवर आणि फॉर्मवर लिहावा लागतो. १५ आकड्यांतला एक चुकला तर अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा होतो. मी ते आकडे मोठ्याने वाचते आणि समोरच्याला परत वाचायला लावते. बँकेतली सवय.

पिल्लाला एकच लस झालेली असेल तर टायटर कमी भरण्याची शक्यता जास्त, हे तुम्ही जाणता. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देऊन, मग ३० दिवस सोडून रक्त काढणे सोयीचे. मालकाला हे आधीच सांगितले तर नापास अहवाल हातात आल्यावर तो तुमच्यावर चिडत नाही.

आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे आणि ब्रिटनला निघालेल्या कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध द्यावे लागते आणि त्याची नोंद डॉक्टरनेच करायची असते, तारखेसह आणि घड्याळातल्या वेळेसह. ‘सकाळी’ चालत नाही.

२८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास जी मोफत लसीकरण शिबिरे होतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. रेबीज त्यानेच हटेल. पण तिथे मिळणारी चिठ्ठी पाहून पुढे कुठलाही देश कुत्रा आत घेणार नाही. शिबिरात बसणाऱ्या तुमच्यापैकी कुणी एका वाक्यात ‘बाहेरगावी, बाहेरदेशी जायचं असेल तर दवाखान्यात येऊन चिप बसवा’ असे सांगितले, तरी पुष्कळ.

शेवटच्या आठवड्याची धावपळ तशीही मुंबईलाच होते. केंद्र सरकारच्या पशू क्वारंटाईन व प्रमाणपत्र सेवेचे, लोक ज्याला एक्यूसीएस म्हणतात त्याचे, आपल्याला जवळचे केंद्र तिथेच. प्रवासाआधीची एनओसी तिथून मिळते. युरोपचे आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांत तिकडे पोहोचायचे असते, म्हणजे ते फार आधी काढून ठेवता येत नाही. त्यामुळे कसारा घाट किंवा समृद्धी महामार्ग, कुत्रा, पिंजरा आणि फाईल अशी वरात निघते. आमच्या ओझर विमानतळावरून आखातात शेळ्या-मेंढ्या विमानाने गेल्या आहेत, पण नाशिकच्या कुत्र्याला मुंबई गाठावी लागते. त्याबद्दलचे पत्र वेगळे लिहीन, वेगळ्या पत्त्यावर.

विमानाबद्दल एवढेच : पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना अनेक विमान कंपन्या नेत नाहीत किंवा उन्हाळ्यात नाकारतात. हे पिल्लू घेतानाच सांगायला हवे, आणि सांगू शकणारे तुम्हीच. पिंजऱ्यात प्राण्याला उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. ‘झोपेचं औषध द्या, शांत जाईल’ असे मालक म्हणाले तर कृपया नाही म्हणा.

तुम्ही म्हणाल, काकू, चिपचे हजार-पंधराशे ऐकले की माणूस ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो, आणि दहा पिल्लांतली नऊ सातपूर सोडून कुठे जाणार नाहीत. मान्य. पण दहावे कुठले, हे तीन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून ना तुम्हाला कळते ना मालकाला. मालकाला स्वतःच्या मुलाचे कळत नाही, तो दहावीत असतो. आणि बाकीच्या नवांतले एखादे दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळतेच. पाथर्डी फाट्यावरचा कुत्रा पंचवटीत सापडला आणि तिथल्या दवाखान्यात स्कॅनर असला, तर चिप तिथेही उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक दवाखान्यात एक स्कॅनर असावा, हेही या मागणीतच धरा. नंबर दवाखान्याच्या वहीतही मालकाच्या फोनसकट लिहून ठेवावा, नाहीतर स्कॅनरवर नुसते १५ आकडे दिसतील आणि कुत्रा कुणाचा ते कळणार नाही.

मालक नाही म्हणाला तर नाही. फक्त पुस्तिकेत ‘चिपबद्दल सांगितले’ असे लिहून त्याची सही घ्या. चार वर्षांनी तोच माणूस ऑफर लेटर घेऊन आला, की ती सही तुमच्या कामी येईल.

पुस्तिकेचा एक नमुना मी तयार केला आहे, वर लिहिलेल्या सगळ्या रकान्यांसह, मराठीत आणि इंग्रजीत. ज्यांना हवा त्यांनी दवाखान्याचे नाव घालून छापावा. माझे काही देणे-घेणे नाही. रकाने कमी-जास्त करायचे असतील तर तुमच्यातल्या चार जणांनी बसून ठरवावे, मी चहा-पोह्यांचे बघते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, गंगापूर रोड, नाशिक

ता. क. : मांजरवाले रागावतील म्हणून. युरोपचे चिप, लस आणि टायटरचे नियम मांजरांनाही तसेच्या तसे लागू आहेत. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून तिला रेबीजची लसच दिलेली नाही, असे नाशिकमध्ये निम्म्या घरांत ऐकू येते. त्यांना अजून लवकर गाठा. आणि राघू नेता येईल का असे विचारणाऱ्या गृहस्थांना : अहो, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे इथेही पिंजऱ्यात ठेवता येत नाही, फ्रँकफर्टचे राहू द्या.